वर्षभर वापरलेला तोसाचा कस्टम चाकू: पोलादाचं सगळे विचारतात, म्यानाचं कोणीच विचारत नाही

सरळ मुद्द्यावर येतो. पातं उत्तम आहे, धार तर अप्रतिम, हातात धरल्यावर बरं वाटतं. पण या जानेवारीत टोक्योजवळच्या ओकुतामाला कॅम्पिंगला गेलो तेव्हा बॅगेतल्या बॅगेत चाकू म्यानातून निसटला आणि स्लीपिंग मॅट आरपार कापून बाहेरच्या कापडापर्यंत आला. बॅगेत हात घालणारा माझा आठ वर्षांचा मुलगा असता तर? तेव्हापासून मी ज्याला त्याला म्यानाबद्दलच सांगत सुटलोय आणि हा रिव्ह्यू पण अर्ध्याहून जास्त म्यानाचाच आहे, ज्यांना फक्त पोलादाबद्दल वाचायचंय त्यांनी मधले दोन-तीन पॅरा वाचा.

आधी काय घेतलं ते. तोसाचा, म्हणजे जपानमधल्या कोची प्रिफेक्चरमधला (तोसा हे त्याचं जुनं नाव), कामी शहराजवळच्या एका कारागिराकडून बनवून घेतलेला तांतो (जपानी छोटा खंजीर) धाटणीचा फिक्स्ड ब्लेड, म्हणजे न मिटणारा चाकू. पातं ३ सुन ५ बू, म्हणजे साधारण साडेदहा सेंटिमीटर, पाठीची जाडी ४ मिलिमीटर, मधे शिरोगामी २ नंबरचं पोलाद आणि दोन्ही बाजूंनी मऊ लोखंड, वर भट्टीचा काळा थर तसाच ठेवलेला. धारेची कड एकच, पण ती दोन्हीकडून घासलेली. मूठ काशीची म्हणजे जपानी ओकची, म्यान होओच्या म्हणजे जपानी मॅग्नोलियाच्या लाकडाचं. टोक्योतल्या एका दुकानामार्फत ऑर्डर दिली, ३४ हजार येन, पाच महिने थांबलो, गेल्या वर्षी जूनमध्ये हातात आला.

तोसाच का, तर पैसे. साकाई मुळात स्वयंपाकघराच्या सुऱ्यांचं गाव, तिथे ठोकणारा वेगळा, घासून धार लावणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा, तिथून असा रानात न्यायचा एकच चाकू बनवून घ्यायचा तर भाव अंगावर येतो. सेकी हे चाकूंचं दुसरं शहर, तिथे भारी कस्टम मेकर आहेत पण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची स्टाइल अमेरिकन हंटिंग नाईफची, फिनिशिंग आरशासारखं आणि किंमत पण तशीच. कोचीचा ८४ टक्के भाग जंगल, तिथले लोहार पिढ्यानपिढ्या लाकूडतोड्यांसाठी आणि शिकाऱ्यांसाठी कोयते, कुऱ्हाडी, चाकू करतायत आणि ठरलेल्या साच्याशिवाय ठोकून आकार द्यायची त्यांची पद्धत आहे, त्यामुळे 'अर्धा इंच लांब करा, पाठ थोडी पातळ ठेवा' हे त्यांच्यासाठी रोजचं काम आहे, कस्टमचा वेगळा चार्ज फार लागत नाही. पहिलाच कस्टम चाकू घेणाऱ्याला मी आजही तोसाच सांगेन, खाली कितीही तक्रार केली असली तरी.

आता पोलाद. नवीन माणूस इथेच अडकतो, शिरोगामी की आओगामी की सरळ स्टेनलेस व्हीजी १०. शिरोगामी आणि आओगामी दोन्ही शिमानेतल्या यासुगीचं पोलाद, नावं कागदाच्या रंगावरून पडली, पांढरा कागद आणि निळा कागद. शिरोगामी २ मध्ये कार्बन १.०५ ते १.१५ टक्के आणि बाकी जवळजवळ काहीच नाही. आओगामी २ मध्ये कार्बन तेवढाच, वर थोडं क्रोमियम आणि एक-दीड टक्का टंगस्टन, त्याने धार जास्त टिकते पण दगडावर घासताना वेळ लागतो. मी शिरोगामी घेतलं कारण मला धार लावायला शिकायचं होतं. तो निर्णय शंभर टक्के बरोबर ठरला. १००० ग्रिटच्या दगडावर थोडा वेळ घासला की पलीकडच्या बाजूला बोटाला तो बारीक काठ लागतो, मग पलटून घासायचं, शेवटी ६०००, की कागद नुसता ठेवला तरी कापला जातो. भारतात असताना मी स्टेनलेसच्या सुऱ्या त्या चाकवाल्या धार लावणाऱ्यालाच द्यायचो, स्वतः घरी दगडावर अशी धार आणता येते हे माहीतच नव्हतं. वर्षभरात पात्याला एकही टवका नाही, पण हा चाकू दांडक्याने ठोकून लाकूड फोडायला मी वापरत नाही, कडक आणि पातळ धारेला ते झेपत नाही, त्यासाठी नाता, म्हणजे जाड पात्याचा जपानी कोयता घ्या, साधी नाता मिळते स्वस्तात.

आकाराबद्दल एक महत्त्वाचं. फोटोत जो कोनाकोनाचा, टोकाला सरळ तिरकी कापल्यासारखा 'तांतो' दिसतो तो अमेरिकन प्रकार. जुन्या जपानी तांतोचं टोक गोलाईत जातं, तिथे दुसरा कोपरा नसतो. कोपऱ्यावाल्याला दगडावर दोन वेगळ्या धारा लावाव्या लागतात, नवशिक्याला विनाकारण त्रास. आणि दुधारी खंजीर तर मागूच नका. २००८ मध्ये टोक्योच्या अकिहाबारात झालेल्या चाकूहल्ल्यानंतर जपानचा कायदा बदलला आणि २००९ पासून साडेपाच सेंटिमीटर किंवा जास्त लांबीचा दुधारी खंजीर नुसता घरात ठेवणं पण गुन्हा झाला. एकधारी असला तरी तलवारीसारखं पातं १५ सेंटिमीटरला पोचलं की तो वेगळाच कायदेशीर विषय होतो. आणि ६ सेंटिमीटरच्या वरचा असा न मिटणारा चाकू योग्य कारणाशिवाय जवळ बाळगला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख येनपर्यंत दंड. कॅम्पिंगला जाताना कारण योग्य, पण आल्यावर गाडीत तसाच राहिला आणि पोलिसांनी डिकी उघडायला लावली तर ते ऐकणार नाहीत. परदेशी माणसाने तर यात अजिबात हयगय करू नये, व्हिसाचा प्रश्न असतो.

कामाला कसा आहे? सरपणाच्या काटक्या सोलायला, पेटवायला बारीक छिलके काढायला, बांबू तासायला एक नंबर. मासे साफ करायला पण मस्त, मी साबा आणतो, आपल्या बांगड्याचाच भाऊबंद, डोकं उडवून पोट साफ करायला टोक अगदी बरोबर चालतं. भाजीला मात्र नाही. ४ मिलिमीटर जाडीमुळे गाजर कापलं जात नाही, फाटतं, कांदा चिरला तर बाजूच्या लोखंडाने करडा पडतो आणि वास येतो. घरात कामाला एक सांतोकू, म्हणजे स्वयंपाकघरातली नेहमीची जपानी सुरी पाहिजेच, दोन्ही कामं एकाच चाकूत होतील असं दुकानदार म्हणाला तर विश्वास ठेवू नका. गंजाचं लोक फार घाबरवतात, पण पुसून कोरडा करून त्सुबाकीचं (कॅमेलियाच्या बियांचं) तेल दोन थेंब लावलं की काही होत नाही. आधी मी घरचं खोबरेल लावत होतो, थंडीत ते गोठून पात्यावर पांढरे ठिपके बसायचे, मग सोडून दिलं. लिंबू-माशाने पातं आता निळसर करडं झालंय आणि मला ते नव्यापेक्षा जास्त आवडतं.

आता म्यान. यात दोन प्रकार असतात हे मला कोणी सांगितलं नाही आणि दुकानाच्या फॉर्मवर पण नीट लिहिलेलं नव्हतं. पहिल्या प्रकारात पात्याच्या मुळाशी हबाकी असते, तांब्याची किंवा पितळेची छोटी पट्टी, तीच म्यानाच्या तोंडात पाचरीसारखी घट्ट बसते. तलवारींना असते तीच. दुसऱ्यात हबाकी नसते, मुठीचाच पुढचा भाग थोडा बारीक करून म्यानाच्या आत घातलेला असतो, म्हणजे लाकूड लाकडात धरून ठेवतं. माझा दुसरा प्रकार. दिसायला सुरेख, सांधा दिसत पण नाही. जूनमध्ये आला तेव्हा इतका घट्ट की अंगठ्याने ढकलून उघडायला लागायचा, मला वाटलं वा काय फिटिंग आहे.

पण लाकूड हे लाकूड. कोचीला पाऊस भरपूर, तिथल्या दमट हवेत ते घासून बसवलेलं. टोक्योत डिसेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी ठणठणीत, त्यात घरात हीटर चालू, आमच्या हॉलमधला आर्द्रतेचा मीटर ३० टक्क्यांच्या आसपास दाखवतो. मुठीचा तो बारीक भाग सुकून आक्रसला आणि पकड गेली. कोकणात पावसाळ्यात दारं फुगून चौकटीत अडकतात ना, त्याचंच हे उलटं. डिसेंबरात हलवला की खडखड वाजायला लागला होता, मी दुकानाला तेव्हाच मेल टाकला होता फोटोसकट, उत्तर आलं की नैसर्गिक मटेरियल आहे, ऋतूप्रमाणे बदल होतो, हा दोष धरता येत नाही. एवढंच. रबर बँड लावा, उलटा ठेवू नका, एवढंही नाही. जानेवारीत मॅट फाटल्यावर परत लिहिलं, या वेळी मुलाचा उल्लेख करून, तरी तेच उत्तर, शब्द न शब्द तोच. ३४ हजार येन घेऊन म्यान जर पातं धरून ठेवत नसेल तर ते म्यान कसलं? चाकूच्या सुरक्षेचा निम्मा भाग म्यान आहे. आणि राग याचा जास्त आला की फॉर्म परत काढून बघितला तर हबाकी त्यात सजावटीच्या खाली लिहिलेली, मुठीवर शार्कस्किनसारखं कातडं लावायच्या पर्यायाशेजारी. सजावट! ती पकड आहे, सजावट नाही. नवीन माणूस सजावट वाचून सरळ पुढे जाणार, पैसे वाचवणार.

इथपर्यंत मी हा रिव्ह्यू फेब्रुवारीत लिहून ठेवला होता आणि शेवटी 'घेऊ नका' असंच लिहिलेलं होतं. ते आता बदलतोय, कारण पुढे जे झालं.

ऑफिसमधले एक सहकारी, वयाने मोठे, कोचीचेच, त्यांना सहज बोललो तर म्हणाले दुकानाला कशाला लिहितोस, मुठीखालच्या पोलादावर कारागिराचं नाव कोरलेलं असेल, थेट फोन कर. म्यानाच्या पिशवीत कारागिराचं कार्ड होतंच. फोन केला. कारागीर आजोबांची तोसाची बोली मला अर्धीच कळत होती, पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो 'कोणाला लागलं तर नाही ना' आणि दुसरा 'घरात हवा किती कोरडी असते'. दुकानाच्या सगळ्या मेलमध्ये हे दोन प्रश्न नव्हते. म्हणाले पाठवून दे.

तीन आठवड्यांत परत आला. आजोबांनी काय केलं ते नीट लिहितो कारण यातच या चाकूची खरी किंमत आहे. मूठ डिंकाने चिकटवलेली नसून बांबूच्या एका खुंटीवर बसलेली असते, मेकुगी, ती ठोकून काढली की मूठ सरळ उतरते. त्यांनी मुठीची ती बारीक मान कापून सपाट केली, पात्याच्या मुळाशी तांब्याची हबाकी बनवून बसवली आणि म्यानाच्या तोंडाला आतून होओचे पातळ पापुद्रे चिकटवून ते हबाकीच्या मापाने परत कोरलं. चिकटवायला भाताची खळ. रासायनिक गोंद नाही, कारण खळीने जोडलेलं म्यान पुढे कधी आतून खराब झालं तर सांध्यावर उघडून साफ करता येतं. होओ पण मऊ आणि विनाचिकाचं लाकूड म्हणूनच वापरतात, पात्याला ओरखडा नाही, गंज नाही. फॅक्टरीच्या चाकूला प्लॅस्टिकचं म्यान तुटलं की नवीन घ्यावं लागतं, इथे एकही भाग फेकला नाही. बिल आलं ६ हजार ५०० येन, पोस्टेज वेगळं. मला वाटलं होतं फुकट करतील, नाही केलं. पण तांबं आणि दोन दिवसांचं काम धरलं तर मी ते आनंदाने दिले, दुकानाला मात्र त्यातला एक येनही मिळाला नाही याचं समाधान आहे.

त्यानंतर मार्चच्या कोरड्या हवेत आणि आता जुलैच्या चिकट पावसात दोन्हीकडे बघितलं. उलटा धरून जोरात हलवतो, पातं हलत नाही. पावसात किंचित जास्त घट्ट होतं, अंगठा लावला की सुटतं. आवाज पूर्ण बंद. बॅगेत ठेवताना तरीही मी वरून चामड्याचा पट्टा बांधतोच, ती सवय आता जाणार नाही.

तर ज्यांनी मेसेज करून विचारलंय त्यांना: ऑर्डर देताना पोलाद, लांबी, जाडी झाल्यावर हे लिहूनच मागा की हबाकी आहे का, मूठ खुंटीवर आहे का चिकटवलेली, आणि थंडीत म्यान सैल झालं तर कोण बघणार, दुकान की कारागीर. पहिल्याच वेळी हबाकीसकट घेतला तर दुकानाच्या फॉर्मवर ५ हजार येन जास्त लागतात. मुठीला ते कातडं आणि दोरी गुंडाळणं पहिल्या चाकूला नको, भिजलं की दिवसभर ओलं राहतं आणि माशाचा वास धरून बसतं, साधं लाकूड पुसलं की झालं. भारतात न्यायचा असेल तर चेक-इन बॅगेतच, केबिनमध्ये नाही, आणि पुण्याच्या मित्राने विचारलं म्हणून सांगतो, आपल्याकडे आर्म्स अ‍ॅक्टच्या नियमांत ९ इंच लांबी आणि २ इंच रुंदीची मर्यादा आहे, हा चाकू त्याच्या निम्म्याहून लहान आहे, तरी बिल आणि कारागिराचं कार्ड सोबत ठेवा.