पॉल ब्ले यांचा ‘ओपन, टू लव्ह’ : कित्येक महिने ऐकल्यानंतर

पियानोवादक पॉल ब्ले यांचा हा जॅझ अल्बम नुसता लावून ठेवून दुसरं काम करण्यासाठी नाही, हे आधीच सांगून टाकते. पोळ्या लाटताना किंवा गाडी चालवताना लावलात तर निम्मा ऐकूच येणार नाही. यातलं बरंचसं संगीत विरत जाणाऱ्या आवाजात आहे.

पॉल ब्ले मूळचे कॅनडातल्या मॉन्ट्रियलचे, जन्म १९३२ चा. तरुणपणी तिथेच त्यांनी सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करना साथ केली. १९५८ मध्ये लॉस एंजेलिसच्या हिलक्रेस्ट क्लबात आणखी एक सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनना आपल्या बँडमध्ये घेतलं. पुढे सिंथेसायझर मंचावर आणणाऱ्या सुरुवातीच्या वादकांत त्यांचं नाव आलं. एवढं सगळं करून झाल्यावर सप्टेंबर १९७२ मध्ये ऑस्लोच्या स्टुडिओत ते एकटेच साध्या पियानोपुढे बसले. ईसीएम या रेकॉर्ड कंपनीसाठी केलेल्या या ध्वनिमुद्रणाचे निर्माते मानफ्रेड आयशर. एकूण सात रचना, पाऊण तासाच्या आत संपणाऱ्या.

पहिलीच ‘क्लोजर’ घ्या. ब्ले एक स्वर वाजवतात आणि थांबतात. तार कंप पावत राहते, आवाज बारीक होत जातो, आणि तो पुरता जायच्या जरा आधी पुढचा स्वर येतो. सुरुवातीला माझं सगळं लक्ष त्या पुढच्या स्वराकडे असायचं. आता मी विरणारा स्वरच ऐकते, आणि त्याच्या पोटात दडलेले आणखी बारीक स्वर कळायला लागलेत. विलंबित आलापाची सवय असलेल्या कानाला ही संथ चाल ओळखीची वाटेल, पण इथे तानपुरा नाही. आलापात गायक थांबला तरी षड्ज सोबत असतो. ब्ले थांबले की खाली काहीच उरत नाही, पुढचा स्वर कुठे पडणार याचा अंदाजच बांधता येत नाही. ती निराधार जागा मला या अल्बममधली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

सातपैकी पाच रचना दोन स्त्रियांच्या आहेत, तीन कार्ला ब्ले यांच्या आणि दोन अॅनेट पीकॉक यांच्या. त्यांचे आराखडे मोजकेच, म्हणूनच पॉल ब्लेंना वाजवताना एवढी मोकळीक मिळते. नवख्यांनी कार्ला ब्लेंच्या ‘इडा लुपिनो’पासून सुरुवात करावी. तिची धून गुणगुणता येते, आणि ती हातातून सुटून पुन्हा कशी सापडते हे सहज कळतं. ‘हार्लेम’ मात्र इतक्या महिन्यांनीही मला बाकीच्यांच्या मानाने हलकीच वाटते.

ऐकायचं कशावर? या एका अल्बमसाठी मी एलपीचा आग्रह धरणार नाही. जुन्या तबकडीची खरखर नेमकी स्वर विरताना कानात घुसते. सीडी किंवा चांगल्या दर्जाचं डिजिटल, साधेच पण कान झाकणारे हेडफोन, आणि आवाज नेहमीपेक्षा थोडा चढा, एवढं पुरे.

हा पचला की टोरोंटोत जन्मलेल्या केनी व्हीलर यांचा ‘नू हाय’ ऐका, १९७५ मध्ये न्यूयॉर्कला मुद्रित केलेला. त्यात फ्लूगलहॉर्न (ट्रम्पेटसारखं, पण मऊ आवाजाचं वाद्य), पियानो, बास आणि ड्रम्स अशी चौघांची भरगच्च संगत आहे. एलपीची पहिली बाजू व्यापणारी ‘हेयोके’ ही रचना एका बैठकीत, न तोडता ऐकावी.