मण्यांचा टॉप घरच्या जेवणाला: शोभतो, पण काखेत टोचतो

घरी मित्रमंडळी जेवायला येणार आणि यजमानीण आपणच, म्हणजे निम्मा वेळ ओट्याशी, निम्मा खुर्चीत. अशा संध्याकाळी चार लोकांत उठून दिसेल, पण ‘अगं, तू कुठे निघालीयेस का?’ असं कोणी विचारणार नाही, असं काहीतरी हवं होतं. त्यासाठी हा मण्यांचा टॉप ऑनलाइन मागवला. तेवढ्या कामापुरता तो पास आहे. पहिला वर्ग मात्र नाही.

रंग काळपट निळा, कापड जॉर्जेट, आत सुती अस्तर, बाह्या कोपराच्या जरा खाली. मणीकाम गळ्याभोवती आणि खांद्यांवर दाट, छातीवर विरळ होत जातं आणि त्याखाली काहीच नाही. ही आखणी ज्याने केली त्याला दाद द्यायला हवी. जेवायला बसल्यावर समोरच्याला टेबलाच्या वरचंच दिसतं, मग खाली मणी हवेत कशाला? तिथे असते तर बसताना रुतले असते आणि गादीचे धागे ओढले असते ते वेगळंच.

मणी काचेचे आहेत. ओळखायचं तर गालाला लावून बघा, काच गार लागते, प्लास्टिक तसं लागत नाही. बहुतेक ११ नंबरचे बारीक मणी, म्हणजे साधारण २ मिलिमीटरचे (यात नंबर वाढला की मणी लहान होतो), आणि मधूनमधून नळीमणी. काच ॲक्रिलिकच्या दुप्पट जड, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या काट्यावर टॉप ४८० ग्रॅम भरला. वजन सगळं पुढे, त्यामुळे गळा पुढे घसरतो आणि पाठीकडून टॉप वर चढतो. खांद्याच्या शिवणीला आतून बोटभर पट्टी आणि टिचबटण लावून ती ब्राच्या पट्ट्यात अडकवली, तेव्हा कुठे तो जागेवर बसला. ही पट्टी खरं तर त्यांनीच द्यायला हवी होती.

खरी तक्रार काखेची. मणी थेट काखेच्या शिवणीत घुसवलेत. हात लांब करून वाढायला जावं किंवा वरच्या फळीवरून काही काढावं, की टोचतात. नळीमण्याच्या कडा धारदार असतात, घासून घासून त्या स्वतःचाच दोरा कापतात. त्यात उलट बाजूला बघितलं तर सगळं काम साखळी टाक्याचं, आणि ओळीच्या शेवटी नीट गाठ नाही. साखळी टाका एकदा तुटला आणि टोक ओढलं गेलं की ओळच्या ओळ सुटते. डाव्या काखेतली तशीच सुटली. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, ‘मण्यांच्या कपड्यात थोडे मणी गळायचेच.’ वर चिमूटभर जादा मणी पाठवून दिले, तेही वेगळ्या छटेचे! शेवटी काखेतली नक्षी मीच उसवली आणि राहिलेल्या प्रत्येक ओळीच्या टोकाला गाठ मारली. तिथे मणी नाहीत हे कोणाच्याही लक्षात येत नाही.

आता घालायचा कशावर. काळी फॉर्मल पँट घातली की ऑफिसच्या समारंभाला निघाल्यासारखं दिसतं. सॅटिनचा स्कर्ट नकोच, चमकीवर चमकी. विटलेली, सरळ पायाची, घोट्यापर्यंतची जीन्स मात्र या टॉपचा तोरा बरोबर उतरवते. आपल्याच घरात अनवाणी वावरायचं, तेव्हा फार लांब पाय असलेली जीन्स नको. टॉप खोचू नका, जॉर्जेटचा बोंगा होतो. गळ्यात काही नको, कानात खडे पुरे. लोंबते कानातले मान वळवली की मण्यांत अडकतात. मोकळे केसही अडकतात, त्यामुळे अंबाडा किंवा क्लिप. वरून लोकरीचं विणलेलं काही घेतलंत तर टॉपही जाईल आणि लोकरही.

ओट्याशी असताना गळ्यात अडकवायचा एप्रन नको, त्याचा पट्टा मानेवरचे मणी रगडतो. कमरेला बांधायचा घ्या, नाहीतर वरून जुना सुती शर्ट चढवा आणि पाहुणे बसले की काढून ठेवा. दिव्याचंही बघा. छताच्या पांढऱ्या ट्यूबखाली हे काम मलूल दिसतं, बाजूला पिवळा दिवा लावला की हालचालीबरोबर मणी लुकलुकतात. निम्मी सजावट तिथेच होते.

धुताना उलटा करून थंड पाण्यात, पिळायचा नाही, टॉवेलवर आडवा वाळवायचा. हँगरला टांगलात तर स्वतःच्या वजनाने ओघळेल. ड्रायक्लीनला देण्याआधी लेबल वाचा, काही द्रावणांत प्लास्टिकचे मणी विरघळतात आणि काचेच्या मण्यांवरचा मुलामाही उडू शकतो.

मापाचं म्हणाल तर एक नंबर मोठा घ्या. सैल झाला तर बाजूच्या साध्या शिवणीतून आत घेता येतो, खांद्यात घट्ट झाला तर मणी उसवल्याशिवाय एक सूतही सोडता येत नाही.