लिंगझी, युनझी की कीडाजडी? घेण्याआधी एवढं पाहा

माझ्या मामांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. हृदयासाठी ॲस्पिरिनही चालू आहे. दिवाळीत ओळखीच्या एका बाईंनी त्यांच्या हातात लिंगझी या अळंबीच्या कॅप्सूलची बाटली ठेवली. म्हणाल्या, दोन हजार वर्षांचं चिनी औषध आहे, साखरेवर रामबाण. ‘घेऊ का?’ असं मामांनी मला विचारलं आणि मी वाचायला बसलो. कुठली औषधी अळंबी घ्यावी, या विचारात तुम्हीही असाल, तर आधी स्वतःला एक विचारा: नक्की कशासाठी घ्यायची आहे? सगळी तुलना या एका उत्तरावर फिरते.

लिंगझीला जपानीत रेशी म्हणतात. तिचा दोन हजार वर्षांचा दावा जवळपास खरा आहे. चीनच्या हान काळातल्या ‘शनोंग बेनचाओ जिंग’ या ग्रंथात ३६५ औषधं तीन वर्गांत लावलेली आहेत आणि लिंगझीला जागा सगळ्यात वरच्या वर्गात आहे. रंगावरून तिचे सहा प्रकार सांगितले आहेत. पण साखरेची गोष्ट तिथे नाही. आजचा चिनी औषधकोशही ती सांगतो ती झोप न लागणं, धडधड, खोकला, दमा यांसाठी, आणि मात्रा देतो दिवसाला ६ ते १२ ग्रॅम. ही अळंबी लाकडासारखी कडक असते, चावून खाता येत नाही. म्हणून काप करून उकळायची आणि काढा प्यायचा, बहुतेक वेळा इतर वनस्पतींच्या जोडीने. बाटलीतल्या कॅप्सूलचा या रीतीशी संबंध नावापुरताच उरतो.

मग साखरेचं काय? २०१५ साली वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने तोवरच्या पाच चाचण्या, एकूण ३९८ माणसांच्या, एकत्र तपासल्या. टाइप २ मधुमेहात लिंगझीने साखर उतरते, याला त्यात आधार मिळाला नाही. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातली एक चाचणी प्रसिद्ध झाली: ८४ माणसं, रोज ३ ग्रॅम, १६ आठवडे. तिचंही उत्तर नाही असंच आलं. कॅन्सरच्या बाबतीत चित्र थोडं वेगळं आहे. केमो किंवा रेडिएशनच्या जोडीला दिल्यावर काही रुग्णांचा प्रतिसाद बरा दिसला, पण त्या चाचण्या लहान आणि कच्च्या होत्या. नुसत्या लिंगझीने गाठ आटते, असं कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. हे मी पोटतिडकीने सांगतोय, कारण त्या विश्वासापायी उपचारांचे हातातले महिने निघून जातात.

आता युनझी. ही पातळ, पंख्यासारखी, रंगांच्या पट्ट्यापट्ट्यांची असते. बाजारात टर्की टेल नावाने मिळते. लिंगझीइतका बोलबाला तिच्या वाट्याला आला नाही, पण माणसांवरचा सगळ्यात भक्कम पुरावा तिच्याकडेच आहे. तिच्यापासून काढलेल्या पीएसके या अर्काला जपानने १९७७ साली कॅन्सरच्या उपचारांत औषध म्हणून मान्यता दिली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी चाचणीत जठराच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेले २६२ रुग्ण होते. नुसत्या केमोवर असलेल्यांपैकी पाच वर्षांनी ६० टक्के हयात होते, तर केमोबरोबर पीएसके घेतलेल्यांपैकी ७३ टक्के. हा फरक लहान नाही. मात्र ती केमो आजच्यापेक्षा जुनी होती आणि दिलेला पदार्थ ठरावीक ताकदीचा अर्क होता, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ऑनलाइन मागवलेल्या टर्की टेल पावडरला तो निकाल लावता येत नाही.

शिताके या खाण्याच्या अळंबीचीही गत तशीच आहे. जपानने १९८५ साली मान्य केलेलं तिच्यातलं लेंटिनन हे द्रव्य इंजेक्शनने देतात. भाजीत ती जरूर खा, पण नीट शिजवून. कच्ची राहिली तर काहींच्या अंगावर चाबकाचे वळ उठल्यासारखी पुरळ येते. लायन्स मेन या अळंबीबद्दल २००९ साली जपानमध्ये एक चाचणी झाली. स्मरणशक्ती थोडी मंदावलेले तीस जण त्यात होते. घेत होते तोवर गुण वाढले, बंद केल्यावर चार आठवड्यांत उतरले. आशा वाटावी असं आहे, पण तीस माणसांवर किती भार टाकायचा?

कीडाजडी आपल्या उत्तराखंडातही मिळते. पिथौरागड, चमोलीकडे बर्फ वितळल्यावर लोक ती वेचायला उंच कुरणांवर जातात. पतंगाच्या अळीवर वाढणारी ही बुरशी चीनमध्ये मूत्रपिंड आणि फुप्फुसासाठी देतात. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. स्वस्तात मिळणारी नारिंगी, प्रयोगशाळेत वाढवलेली ‘कॉर्डिसेप्स’ ही दुसरीच जात आहे. आणि २०१६ साली चीनच्या औषध प्रशासनानेच कीडाजडीच्या नमुन्यांत किलोला ४.४ ते ९.९ मिलिग्रॅम आर्सेनिक सापडल्याचं सांगितलं. तिथल्या आरोग्यपूरक पदार्थांसाठी मर्यादा १ मिलिग्रॅम आहे. ज्याचं मूत्रपिंड आधीच दुखावलेलं आहे, त्याला मी ती घेऊ देणार नाही.

मामांना नको म्हणण्याचं कारण नुसती साखर नव्हती. १९८० साली एका अमेरिकी डॉक्टरांनी नोंदवलं होतं की मापो तोफू या चिनी पदार्थातल्या काळ्या ‘कानासारख्या’ अळंबीने रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटेनाशा होतात. लिंगझीबाबतही प्रयोगशाळेत तसं दिसलं आहे. ॲस्पिरिन किंवा वॉरफरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल, किंवा ऑपरेशन तोंडावर असेल, तर ही जोखीम कशाला घ्यायची? शिवाय लिंगझीची पावडर घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत.

तरीही घ्यायचंच ठरलं, तर लेबल वाचा. धान्यावर वाढवलेले अळंबीचे तंतू धान्यासकट दळले असतील तर तुम्ही बरंचसं पीठच विकत घेताय. पावडर पाण्यात उकळून, गार करून आयोडिनचा थेंब टाका. गडद निळं-काळं झालं तर त्यात स्टार्च आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या १९ रेशी उत्पादनांपैकी अस्सल ठरली फक्त ५. आणि घरात कोणाची केमो चालू असेल, तर पहिली कॅप्सूल घेण्याआधी ती बाटली कॅन्सरच्या डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवा.