महाविष्णू ऑर्केस्ट्रा: 'अपॉकॅलिप्स'ला नाकं मुरडण्याआधी

गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडचे अल्बम सालवारीनंच ऐकावेत. सुटे ट्रॅक ऐकले की सुरुवातीचा बँड नुसता वेगवान वाटतो आणि १९७४ नंतरचा नुसता मवाळ. दोन्ही मतं अर्धवट आहेत.

'द इनर माउंटिंग फ्लेम' (१९७१) आणि 'बर्ड्स ऑफ फायर' (१९७३) यांची खरी ताकद आवर्तनांत आहे. 'व्हायटल ट्रान्सफॉर्मेशन' नऊ मात्रांचं, 'बर्ड्स ऑफ फायर' अठराचं, 'सेलेस्टियल टेरेस्ट्रियल कम्यूटर्स' तर एकोणीसचं. पायानं चारचा ठेका धराल तर दुसऱ्या आवर्तनातच हुकाल. बिली कोबहॅमच्या ड्रम्सवरून सम शोधू नका, तो ती मुद्दाम झाकतो. रिक लेअर्डचा बेस पकडा. तो एकच आकृती चिकाटीनं घोळवत राहतो आणि सम तिथे सापडते. फोनच्या स्पीकरवर हे संगीत नुसता गोंगाट का वाटतं, तेही यावरून कळेल: तिथे बेसच गायब असतो. बरे हेडफोन लावा.

'द डान्स ऑफ माया' सगळ्यात आधी समजून घ्या. सुरुवातीला मॅक्लॉफ्लिनच्या गिटारचे अस्वस्थ, तुटक स्वर. मग अचानक रांगडा ब्लूज. आवर्तन मात्र तेच, वीसचं. शेवटाकडे दोन्ही एकमेकांवर चढतात आणि चपखल बसतात. एवढं कळलं की पुढचं सगळं सोपं.

बदलाची चाहूल १९७३ मध्येच लागते. पहिल्या दोन अल्बमच्या रचना मॅक्लॉफ्लिनच्या एकट्याच्या. त्या जूनमध्ये लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेल्या संचात कीबोर्डवादक यान हॅमर, व्हायोलिनवादक जेरी गुडमन आणि लेअर्ड यांच्याही रचना आहेत. तो संच बाहेर आला थेट १९९९ मध्ये. त्यातलं 'ड्रीम' साधारण अकरा मिनिटांचं आहे. 'बिटवीन नथिंगनेस अँड इटर्निटी'वर, ऑगस्टच्या सेंट्रल पार्क मैफलीत, तेच एकवीसच्या पुढे जातं. आधी स्टुडिओतलं ऐका, सांगाडा कळतो. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात गिटार, व्हायोलिन आणि मूग सिंथेसायझर एकाच पट्टीत भिडतात, त्यामुळे सुरुवात तिथून केली तर कोण काय वाजवतंय हेच उमगत नाही.

वर्षअखेरीस हा बँड फुटला. नव्या वादकांसह काढलेला 'अपॉकॅलिप्स' (१९७४) लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासोबतचा, निर्माता जॉर्ज मार्टिन. 'वेग गेला' ही तक्रार इथूनच सुरू होते आणि ती आम्हाला पटत नाही. झाँ-लूक पाँटीचं व्हायोलिन गुडमनसारखं गिटारशी झुंजत नाही, ते लांब ओळी गातं. या विस्ताराला तेच हवं होतं. 'हिम टू हिम' एकोणीस मिनिटांचं आहे, ते एका बैठकीत ऐका. 'व्हिजन्स ऑफ द एमरल्ड बियाँड' (१९७५) तर अन्याय झालेला अल्बम. ड्रमर नारदा मायकेल वॉल्डन आणि बेसवादक राल्फ आर्मस्ट्राँग यांनी त्यात फंक आणलं, आणि ते वरवरचं नाही.

'इनर वर्ल्ड्स' (१९७६) शेवटी घ्या, तोही शक्यतो सवलतीत. त्यात व्हायोलिन नाही, आणि सिंथेसायझरला जोडलेली गिटार झपाट्याच्या तानांत अडखळल्यासारखी वाटते. मॅक्लॉफ्लिनचं मन तोवर झाकिर हुसेन आणि व्हायोलिनवादक एल. शंकर यांच्या सोबतीनं चाललेल्या 'शक्ती' या बँडकडे वळलं होतं. त्याच वर्षीचा 'शक्ती'चा पहिला अल्बम याच्या जोडीला ठेवून ऐका. तिथे गिटारला प्लग नाही आणि त्या ताना सणसणीत निघतात.