एसटीएल आणि स्टेप फायली झीस्टँडर्डमध्ये ठेवून आठ महिने झाले

भोसरीत आमची मोल्ड (साचा) डिझाइनची छोटी टूलरूम आहे. पूर्ण झालेली कामं आम्ही वर्षानुवर्षं साध्या झिपमध्ये ठेवत होतो. आठ महिन्यांपूर्वी सगळा साठा झीस्टँडर्डवर आणला. यान कोले यांचं, फायली दाबून लहान करणारं हे सॉफ्टवेअर फेसबुकने २०१६ मध्ये खुलं केलं, फुकट आहे. डिस्क भरत आल्या होत्या हे खरं, पण माझी अट जागेपेक्षा मोठी होती: फाइल परत उघडली की एक बिटही बदललेला नको. चार वर्षांनी गिऱ्हाईक तोच मोल्ड इन्सर्ट बदलायला आणतं, तेव्हा फाइलमधलं माप आणि समोरचं स्टील जुळलंच पाहिजे.

म्हणूनच त्रिमितीय मॉडेल दाबणारा गूगलचा ड्राको मी सुरुवातीलाच बाजूला ठेवला. वेबवर मॉडेल दाखवायला तो उत्तम आहे. पण काही न सांगता चालवला तर तो बिंदूंची जागा ११ बिटांत बसवतो, म्हणजे २,०४८ पायऱ्या. ५०० मिमीच्या भागात एक पायरी जवळजवळ पाव मिलिमीटरची होते. मोल्डचे भाग जिथे मिळतात त्या पार्टिंग लाइनवर पाव मिलिमीटर म्हणजे फ्लॅश (फटीतून बाहेर येणारा जादा माल) ठरलेलाच. हे बंद करता येतं, पण घाईत कोणी विसरलं तर फाइलकडे नुसतं बघून कळत नाही.

आता एसटीएल, म्हणजे मॉडेलचा पृष्ठभाग त्रिकोणांत मांडणारी फाइल. बायनरी एसटीएलमध्ये ८० बाइटचं हेडर, ४ बाइटमध्ये त्रिकोणांची संख्या आणि मग प्रत्येक त्रिकोणाला ५० बाइट. दहा लाख त्रिकोणांचं स्कॅन म्हणजे ५ कोटी बाइट. बंद पृष्ठभागावर एक कोपरा सरासरी सहा त्रिकोणांचा असतो, आणि एसटीएल तो सहाही वेळा पूर्ण लिहितो. खरी जागा इथे वाया जाते. झिपची डिफ्लेट पद्धत पुनरुक्ती शोधायला फक्त ३२ केबी मागे बघते, म्हणजे जेमतेम ६५५ त्रिकोण. शेजारचा त्रिकोण फाइलमध्ये त्याच्याही मागे असला की तोच कोपरा तिला नवा वाटतो. झीस्टँडर्ड दाबण्याच्या १९व्या पातळीवर ८ एमबी मागे बघतो, दीड लाखांहून जास्त त्रिकोण. फरक पहिल्याच दिवशी दिसला.

त्यावर समाधान न मानता मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक कोपरा एकदाच ठेवायचा, त्रिकोणांत फक्त त्याचा क्रमांक, नॉर्मल (त्रिकोणाच्या दिशा) वेगळे. मग आकड्यांचे सगळे पहिले बाइट एकत्र, सगळे दुसरे एकत्र, असं लावायचं, कारण जवळजवळच्या मापांचे वरचे बाइट सारखेच असतात. हा क्रम महत्त्वाचा आहे. पुनरुक्ती न काढता थेट बाइट वेगळे केले, तेव्हा काही फायली उलट मोठ्या झाल्या, कारण जुळणारे कोपरेच फुटले. स्कॅनमध्ये शेवटचे बिट नुसता गोंधळ असतो, तो कुठलीच पद्धत दाबू शकत नाही.

याच प्रोग्रॅमने मला एक रात्र जागवलं. फाइल परत बांधली, मॉडेल तंतोतंत तेच, पण एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या बिटांवरून काढलेला ठसा, जुळेना. कारण होतं उणे शून्य. फ्लोटमध्ये (संगणक दशांश आकडे ठेवतो त्या रूपात) शून्य आणि उणे शून्य किमतीने समान, बिटांनी वेगळे. कोपरे शोधताना माझा प्रोग्रॅम दोघांना एक समजत होता. आता तुलना आकड्यांची नाही, ३२ बिटांची करतो. मापात काहीच फरक पडला नसता, हे मान्य. पण असा अपवाद एकदा चालवून घेतला की पुढची चूक कशी पकडायची?

स्टेप, म्हणजे त्रिकोणांऐवजी नेमके पृष्ठभाग ठेवणाऱ्या कॅड फायली, मजकुराच्या असतात, त्यामुळे मुळातच चांगल्या दबतात. बिंदू सांगणारा ‘कार्टेशियन पॉइंट’ हा शब्द हजारो वेळा येतो, तो भाग जवळजवळ फुकटात जातो. उरतात ते आकडे. १२.७५००००००००००१ पाहून शेपूट कापायचा मोह होतो. कापू नका. दोन पृष्ठभागांच्या कडा ज्या अचूकतेवर शिवलेल्या असतात तिला धक्का लागला, तर आयात करताना सॉलिडऐवजी सुटे पत्रे हाती येतात. दुसरं, स्टेपच्या हेडरमध्ये निर्यातीची वेळ असते, त्यामुळे तेच मॉडेल दोनदा काढलं तरी हॅश वेगळा. डुप्लिकेट शोधताना हे माहीत नसल्याने मी दोन दिवस घालवले.

एका मोल्डच्या सगळ्या रिव्हिजन एका टारमध्ये (अनेक फायलींचा एकच गठ्ठा) बांधून झीस्टँडर्डला आणखी लांब मागे बघायला लावणारा लाँग पर्याय दिला की इकडेतिकडे पडलेल्या कॉप्या जागाच घेत नाहीत. मात्र हा पर्याय २७ वरच ठेवा, म्हणजे १२८ एमबी. मी हौसेने ३१ दिलं होतं. ते उघडतानाही तोच पर्याय द्यावा लागतो, आणि सहकाऱ्याला ते माहीत नव्हतं. गिऱ्हाईक फोनवर असताना त्याच्या स्क्रीनवर नुसती एरर.

तक्रार वेगाची आहे. १९वी पातळी संथ चालते, आम्ही ती रात्री लावतो. उघडायला मात्र क्षणभर. गिऱ्हाईकाला पाठवताना अजूनही झिपच.

गाइड पिन, बुश, इजेक्टर पिन अशा छोट्या स्टेप फायली एकेकट्या नीट दबत नव्हत्या. त्यांच्यावरून झीस्टँडर्डला डिक्शनरी (नेहमी येणाऱ्या तुकड्यांची वेगळी फाइल) शिकवली आणि हा सगळ्यात मोठा फायदा ठरला. पण ती डिक्शनरी हरवली तर त्या फायली कायमच्या बंद. म्हणून तिची एक प्रत सर्व्हरवर, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक माझ्या घरी कपाटात पेन ड्राइव्हवर आहे.