छोट्या बंदरावरून क्रूझला निघताना पैसे कुठे बुडतात

जहाज सुटायला तीन तास आहेत. गाडी एका लोखंडी गेटसमोर थांबते, ड्रायव्हर डिकीतून बॅगा काढून खाली ठेवतो, पैसे घेतो आणि निघून जातो. समोर कंटेनरच्या रांगा, आणि त्यांच्या वरून डोकावणारं जहाजाचं धुराडं. अंतर फार तर दीड किलोमीटर. पहारेकरी मान हलवतो, इथून पायी आत जाता येणार नाही. तेवढ्यात एक व्हॅन येऊन उभी राहते. "टर्मिनलला सोडतो, माणशी एवढे." आकडा ऐकून छातीत धस्स होतं, पण घड्याळ पाहून माणूस पाकीट काढतो. ती व्हॅन त्या गेटमधून आत जातच नाही. बंदराला बाहेरून वळसा घालते आणि पाच मिनिटांत प्रवासी टर्मिनलच्या दाराशी सोडते. तो रस्ता सगळ्यांना खुला होता. पहिल्या गाडीलाही तिथपर्यंत सहज जाता आलं असतं.

पहिल्या ड्रायव्हरला आडबाजूच्या गेटवर सोडायची घाई आणि दुसरा नेमका तिथे हजर, असं घडलं तर दोघांचं साटंलोटं आहे असं धरूनच चालावं. यात पहारेकरी मात्र खरं बोलत असतो, आणि सगळी फसवणूक त्या खऱ्या गोष्टीवरच उभी राहते. जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेची आयएसपीएस ही आंतरराष्ट्रीय संहिता १ जुलै २००४ पासून लागू आहे. मालाच्या धक्क्यावर परवानगीशिवाय कुणाला सोडत नाहीत, पायी तर नाहीच. मोठ्या क्रूझ बंदरात प्रवाशांचा भाग वेगळा असतो, हमरस्त्यापासून पाट्या असतात. छोट्या बंदरात एकाच आवारात कंटेनर, फेरीबोटी, मासेमारी आणि आठवड्यातून एक-दोनदा येणारं क्रूझ जहाज असं सगळं नांदतं. नकाशाच्या ॲपमध्ये नुसतं बंदराचं नाव टाकलं की खूण बंदराच्या कचेरीवर नाहीतर मालाच्या गेटवर पडते.

म्हणून बंदराच्या नावावर कधीही गाडी ठरवू नये. क्रूझ कंपनीच्या कागदपत्रांत टर्मिनलचं नाव किंवा क्रमांक आणि रस्त्याचा पत्ता दिलेला असतो, तो ड्रायव्हरला द्यावा. आदल्या दिवशी तोच पत्ता उपग्रहाच्या चित्रात उघडून पाहावा. धक्क्याला लागून लांब छपराची इमारत आणि तिच्यापुढे गाड्या थांबायची मार्गिका दिसली तर ते प्रवासी टर्मिनल. वजनकाटा आणि ट्रकची रांग दिसली तर ते मालाचं गेट. टर्मिनलची पाटी डोळ्यांनी दिसेपर्यंत बॅगा डिकीतून काढू द्यायच्या नाहीत आणि पैसेही द्यायचे नाहीत. तरीही चुकीच्या गेटवर उतरलात, तर व्हॅनवाल्याशी घासाघीस करू नका, पहारेकऱ्याला विचारा: प्रवासी टर्मिनलचा रस्ता कुठला, आणि बंदराची स्वतःची बस आहे का? बऱ्याच बंदरांत अशी बस असते. तिची माहिती व्हॅनवाला आपणहून देणार नाही.

छोट्या बंदरावर ही फसवणूक जमते ती वेळेच्या जोरावर. जहाजाचं चेक-इन साधारणपणे सुटण्याच्या ६० ते ९० मिनिटं आधी बंद होतं. ही कंपनीची मनमानी नव्हे. उदाहरणार्थ, अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजाला प्रवाशांची अंतिम यादी सुटण्याच्या किमान ६० मिनिटं आधी सरकारला द्यावी लागते. त्यानंतर आलेल्याला दारातला माणूस इच्छा असूनही आत घेऊ शकत नाही. मोठ्या बंदरात टॅक्सींची रांग असते, चौकशीची खिडकी असते. छोट्या बंदरात गाड्या मोजक्या, विचारायला कुणी नाही, आणि पुढचं जहाज कदाचित आठवड्याने. समोरच्याला हे पुरतं ठाऊक असतं. तुमच्या हातात चार तास असतील तर त्याच्या धंद्यातली हवाच निघून जाते. शक्य असेल तर आदल्या रात्रीच बंदराच्या गावी मुक्काम करावा. त्या एका रात्रीच्या खर्चाला कुरकुर करणारे पुढे तेवढेच पैसे गेटवर मोजतात.

शहराच्या नावाने होणारी गफलत आणखी महागात पडते. व्हेनिसमध्ये मोठ्या जहाजांना जुन्या शहरासमोरून जायला १ ऑगस्ट २०२१ पासून बंदी आहे. त्यामुळे 'व्हेनिस' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक सफरी प्रत्यक्षात रावेन्नाहून निघतात, आणि व्हेनिसपासून तिथे जायला रस्त्याने दोन तासांहून जास्त लागतात. 'बर्लिन' म्हणजे वार्नेम्युंडे, अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, सुमारे दोनशे किलोमीटर. क्रूझ कंपनी खरं बंदर छापते, पण कंसात किंवा बारीक अक्षरात. लबाड गाडीवाला 'बंदरापर्यंत प्रवास' असं मोघम लिहून पूर्ण रक्कम आगाऊ घेतो, त्या दिवशी शहरातल्याच एखाद्या धक्क्याकडे गाडी वळवतो आणि खऱ्या बंदराचं दुसरं भाडं मागतो. बुकिंगच्या पावतीवर टर्मिनलचा पत्ता अक्षरशः छापलेला नसेल, तर ते बुकिंग झालंच नाही असं समजावं.

आता पार्किंग. छोट्या बंदराचं स्वतःचं पार्किंग बहुधा एकच असतं आणि सुट्ट्यांच्या दिवसांत ते भरतं. मग लोक घाईघाईने शोधायला लागतात आणि सर्वांत वर दिसणाऱ्या जाहिरातीवर बोट ठेवतात. नावात बंदराचं नाव, वर एका जहाजाचा फोटो, खाली 'फक्त ३ जागा शिल्लक'. पैसे भरले जातात, पावतीही येते. त्या दिवशी पत्त्यावर गेल्यावर दिसतं मोकळं रान, नाहीतर भलत्याच दुकानाचं आवार.

अशा जागेची पारख एका फोनवर होते. आपली तारीख सांगायची आणि विचारायचं, "त्या दिवशी कुठलं जहाज आहे?" छोट्या बंदराजवळ खरोखर पार्किंग चालवणारा माणूस जहाजाचं नाव तोंडपाठ सांगतो, कारण त्याच्या बसच्या फेऱ्या जहाजाच्या वेळेवरच ठरतात. जो अडखळतो, 'तुम्हीच सांगा' म्हणतो किंवा फोनच उचलत नाही, त्याच्याकडे पैसे भरू नयेत. नाव बरोबर आलं तर पुढचं विचारा: पहिली आणि शेवटची बस किती वाजता, किल्ली आमच्याकडे राहणार की तुमच्याकडे, आणि जहाज उशिरा परत आलं तर जादा पैसे लागतात का? उत्तरं ईमेलवर लेखी मागवा. पैसे कार्डानेच भरा. बँक ट्रान्सफर किंवा रोख एवढाच पर्याय असेल तर ती जागा सोडून द्या.

खऱ्याखुऱ्या जागेवरही दोन गोष्टींत फसगत होते. पहिली दिवसांच्या मोजणीत. सात रात्रींच्या सफरीला बहुतेक पार्किंगवाले आठ दिवस धरतात, कारण सोडण्याचा आणि नेण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा होतं, जेव्हा सात दिवसांचे पैसे आगाऊ घेऊन आठवा दिवस दंडाच्या दराने वसूल होतो, आणि तोही तुम्ही थकून परतल्यावर, गेट बंद ठेवून. दुसरी किल्लीत. किल्ली ठेवून घेतली म्हणजे गाडी जागेवरून हलणार. कुठे, किती आणि कोण चालवणार हे तुम्हाला कळणार नाही. किल्ली द्यावीच लागली तर गाडी सोडण्यापूर्वी मीटरवरचे किलोमीटर आणि इंधनाचा काटा एकाच फोटोत घ्या. मग चारही कोपऱ्यांतून गाडीचे फोटो, चाकांचे फोटो, आणि असलेला प्रत्येक ओरखडा जवळून. परत आल्यावर हेच सगळे फोटो गाडी त्या जागेवरून हलवण्याआधी काढायचे. गेटबाहेर पडल्यावर दाखवलेला पोचा कुणीही आपला मानत नाही.

सर्वांत मोठी रक्कम मात्र बंदरावर बुडत नाही, ती काही महिने आधी एजंटच्या हातात गेलेली असते. एजंट पूर्ण पैसे घेतो, क्रूझ कंपनीकडे फक्त अनामत भरतो आणि तुम्हाला स्वतःच्या छापील कागदावर 'कन्फर्म' लिहून देतो. उरलेली रक्कम भरायची अंतिम तारीख साधारणपणे सफरीच्या ६० ते १२० दिवस आधी असते. ती उलटली की कंपनी केबिन काढून घेते, आणि तुम्हाला ते कळतं बंदरावर. यावर उपाय एकच आणि तो पक्का आहे. एजंटचा नव्हे, क्रूझ कंपनीचा बुकिंग क्रमांक मागा, कंपनीच्या साइटवर स्वतः टाका आणि एकूण किती, भरले किती, बाकी किती हे पाहा. साइटवर बाकी दिसत नसेल तर कंपनीला फोन करा. हे दोनदा करायचं, बुकिंगनंतर आठवड्याभरात आणि अंतिम तारखेच्या दहा दिवस आधी. क्रमांक द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून पैसे परत मागायला त्याच दिवशी सुरुवात करा. छोट्या बंदरातून त्या आठवड्यात दुसरं जहाज नसतं, त्यामुळे पर्यायी सफर मिळण्याची आशाही ठेवता येत नाही.

जुन्या माहितीवर विकल्या जाणाऱ्या सफरी हा याचाच भाऊबंद. छोट्या बंदरांतली जहाजं हलतात. अमेरिकेतल्या चार्ल्सटनला कायम मुक्कामी असलेल्या कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या जहाजाचा करार २०२४च्या अखेरीस संपला. बंदराच्या स्वतःच्या साइटवर जहाजांचं वेळापत्रक असतं: तारीख, जहाज, धक्का. छोट्या बंदराचं वेळापत्रक जेमतेम पानभर भरतं, दोन मिनिटांत पाहून होतं. आपल्या तारखेसमोर आपलं जहाज नसेल तर पैसे भरण्याआधी कंपनीला फोन करावा. कधीकधी भूगोलच सांगतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडात टॅम्पाला जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला सनशाइन स्कायवे पुलाखालून जावं लागतं आणि त्याखाली जागा आहे सुमारे ५५ मीटर. जगातली सर्वांत मोठी क्रूझ जहाजं तिथे शिरूच शकत नाहीत. तसल्या जहाजाचा फोटो लावून टॅम्पाची सफर विकणारा एक तर अडाणी आहे किंवा चोर.

टर्मिनलबाहेर चमकतं जाकीट घातलेले 'हमाल' भेटतात. खरा हमाल बॅगा उतरवण्याच्या मार्गिकेत असतो, त्याच्या गळ्यात बंदराचं ओळखपत्र असतं, आणि बॅगा तो लोखंडी पिंजऱ्याच्या गाडीत टाकतो. बक्षिशी खुशीची असते. बॅगेला लावायचा टॅग नसला तर तो टर्मिनलवर फुकट मिळतो, तो कुणी विकत नाही. 'प्राधान्याने चढवतो' म्हणून कुणी दारात पैसे मागितले तर सरळ पुढे चालावं. बंदराचे कर आणि शुल्क तिकिटाच्या बिलातच धरलेले असतात. पासपोर्ट, औषधं, दागिने, लॅपटॉप हमालाच्या बॅगेत कधीच नको, खऱ्या हमालाच्याही नाही. ती बॅग केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते आणि पासपोर्ट तर चेक-इनच्या टेबलावरच लागतो.

बोर्डिंग पासचा किंवा बॅगेच्या टॅगचा फोटो निघण्याआधी सोशल मीडियावर टाकू नका. त्यावर नाव, जहाज, तारीख आणि बुकिंग क्रमांक असतो. तेवढ्या माहितीवर कुणीही अगदी कंपनीच्या थाटात मेसेज पाठवू शकतं: 'तुमच्या जहाजाचं बंदर बदललं आहे, बसची जागा राखण्यासाठी या लिंकवर पैसे भरा.' बंदर खरोखर बदलतं, म्हणून लोक फसतात. २६ मार्च २०२४ रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा फ्रान्सिस स्कॉट की पूल एका मालवाहू जहाजाच्या धडकेने कोसळला आणि बंदराची वाट बंद झाली. परतीच्या वाटेवर असलेलं कार्निव्हल लेजंड हे क्रूझ जहाज ३१ मार्चला नॉरफोकला लागलं, आणि तिथून बाल्टिमोरपर्यंतची बस कंपनीने प्रवाशांना मोफत दिली. कंपनीच बंदर बदलते तेव्हा असंच होणं अपेक्षित असतं. अशा मेसेजमधल्या लिंकवर पैसे भरायचे नाहीत. कंपनीचं ॲप उघडा, किंवा तिकिटावरच्या क्रमांकावर स्वतः फोन करा. 'मी पोर्ट एजंट', म्हणजे कंपनीचा बंदरावरचा प्रतिनिधी, 'बोलतोय' म्हणणाऱ्याचा क्रमांकही कंपनीच्या कागदांवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा.

एवढं करूनही फसलात, तर भांडत बसून जहाज चुकवू नका. पावती, जाहिरातीचं पान, मेसेज आणि गाडीचा नंबर यांचे फोटो काढा, आधी चेक-इन उरका आणि मग टर्मिनलमध्ये बसूनच बँकेला फोन करा. कार्ड बंद करायला सांगा आणि तक्रारीचं कारण नेमक्या शब्दांत नोंदवा: पैसे दिले, सेवा मिळाली नाही. 'मी फसलो' एवढंच मोघम सांगितलं तर तक्रार चुकीच्या प्रकारात जाऊन रेंगाळते. कार्ड कंपन्यांच्या नियमांत यासाठी साधारण १२० दिवसांची मुदत असते, तुमच्या बँकेची त्याहून कमी असू शकते. म्हणून तक्रार क्रमांक तिथेच लिहून घ्या. हा फोन जहाज धक्क्यावर असतानाच व्हायला हवा. किनारा मागे पडला की फोन जहाजाच्या महागड्या नेटवर्कवर जातो, आणि बँकेच्या प्रतीक्षेत गेलेल्या प्रत्येक मिनिटाचं बिल तुमच्याच नावावर चढतं.