कुपवाडहून आणलेला ११ केव्हीचा जुना पीटी

आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या लॅबसाठी जेकब्ज लॅडर करायची होती. दोन उभ्या सळ्या, खाली जवळ आणि वर फाकलेल्या, आणि त्यांच्यामधून सरसरत वर चढणारी ठिणगी. त्यासाठी जुना पीटी (पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मर) हवा होता, म्हणजे सबस्टेशनात ११,००० व्होल्टचे ११० करून मीटरला देतो तो. उलटा जोडला की ११० घालून ११,००० निघतात. कुपवाड एमआयडीसीतल्या एका ट्रान्सफॉर्मर रिवाइंडिंगवाल्याकडे मिळाला. नाव लिहीत नाही, कारण मालकांनीच हात जोडले, "सर, नाव टाकू नका, पोरं येऊन बसतील."

पोरं येतातच. मी गेलो तेव्हा एका गणेश मंडळाचे चौघे आधीच उभे होते. देखाव्यात खरी वीज कडाडायला हवी होती आणि सगळ्यांचा डोळा कोपऱ्यातल्या २५ केव्हीएच्या डीपीवर, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवर. मालकांनी फरशीवर खडूनं हिशेब मांडला. ३२ अँपिअरचा एमसीबी (जादा करंटला तुटणारा स्विच) म्हणजे सात किलोवॅट. डीपी उलटी जोडली तर दहा हजार व्होल्टला पाऊण अँपिअरच्या आसपास, आणि माणूस जायला तीस-चाळीस मिलिअँपिअर बास होतात. "ईएलसीबी हाय की आमच्यात," एकजण म्हणाला. "त्याला पलीकडचं दिसत न्हाई," मालक म्हणाले. "त्यो फेज-न्यूट्रलमधला फरक बघून सप्लाय तोडतो. पलीकडं तू चिकटलास तरी अलीकडं दोन्ही सारखंच." पोरांना एलईडी स्ट्रोबचा सल्ला देऊन चहा पाजून वाटेला लावलं. गिऱ्हाईक परत पाठवणारं दुकान मला आवडतं.

आता माल. पीटीची नेमप्लेट शाबूत होती: ११०००/११०, बर्डन (पेलायचा लोड) १०० व्हीए, दोन बुशिंग (वायर बाहेर काढायचे इन्सुलेटर). बिलावर सिरियल नंबर लिहून मिळाला. हे मी मागितलं नव्हतं, पण तांब्यासाठी आणि तेलासाठी डीप्या फोडणारे आपल्या भागात आहेत, तेव्हा कागद नसलेला ट्रान्सफॉर्मर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

टेस्टिंग माझ्यासमोर झालं. आधी मेगर मारला, म्हणजे इन्सुलेशन तपासलं. मग रेशो, म्हणजे व्होल्टेज किती पट बदलतं ते, आणि तोही सुरक्षित बाजूने: एचव्हीला (जास्त व्होल्टेजच्या बाजूला) साधे २३० दिले, एलव्हीवर (कमीच्या बाजूला) मीटरने २.३ दाखवले. तेलाची बीडीव्ही, म्हणजे किती व्होल्टला तेल फुटतं ती टेस्ट, मात्र बघण्यासारखी. पारदर्शक कपात तेल, त्यात अडीच मिलिमीटर अंतरावर दोन गोल टोकं. व्होल्टेज सावकाश चढत जातं आणि काटा २२ केव्हीला असताना तेलात टक्कन ठिणगी. तेल गाळून, तापवून परत लावलं तेव्हा काटा ५० च्या पुढे गेला. त्या किटचं झाकण उघडलं की सप्लाय आपोआप जातो. मी ती लिमिट स्विचची जोडणी वहीत उतरवून घेतली आणि आमच्या लॅडरभोवतीच्या जाळीच्या दाराला तशीच बसवली. पहिलं गळालेलं तेल त्यांनी ठेवून घेतलं. जुन्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं, केंद्राचा त्यावर २०१६ चा आदेश आहे, त्यामुळे ते घरी आणून गंजलेल्या बिजागऱ्यांना घालायचं नसतं.

लॅबमध्ये जोडणी अशी: व्होल्टेज कमीजास्त करणारा डिमरस्टॅट, त्याच्यापुढे सिरीजमध्ये ५०० वॅटचा हॅलोजन, मग पीटी. डिमरला ११० वर अडकण ठोकलंय, वर गेलं की कोअर सॅच्युरेट होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व पेलत नाही. खाली सळ्या एकमेकींना चिकटल्या तरी हॅलोजन पेटतो आणि करंट दीड अँपिअरच्या आसपास थांबतो, म्हणजे वर पंधरा मिलिअँपिअर. हेही थोडं नाही. एवढ्यात पकडलेला हात सुटत नाही. म्हणून जाळी अर्थ केलेली, चावीचा स्विच माझ्या खिशात, आणि बंद केल्यावर काठीला बांधलेल्या अर्थच्या वायरने दोन्ही सळ्यांना स्पर्श केल्याशिवाय दार उघडत नाही. एकट्याने कधीच चालू करत नाही, शिपाईमामा मेन स्विचपाशी उभे असतात. खिडक्या उघड्या ठेवतो, ओझोनने घसा धरतो.

तेल-टेस्टसकट साडेसात हजार घेतले. महाग वाटले नाहीत.

दुकानाला पाचपैकी एक तारा मात्र कापतो. "परवा या" हा त्यांचा ठरलेला शब्द आणि तो परवा पुढच्या आठवड्यात उगवतो. फोन उचलत नाहीत. टेस्ट रिपोर्ट वहीच्या पानावर, सही अशी की कॉलेजच्या ऑडिटला काय दाखवायचं तेच कळेना. टाइप केलेला मिळायला आणखी एक खेप पडली. आणि टेम्पोत ठेवताना पीटी उभाच राहील हे स्वतः बघा. त्यांच्या पोराने माझा आडवा घातला होता, तासगावपर्यंत तेल गळत गेलं असतं.